हिवरखेडकर सरांचं पंचामृत

मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. विभागाने हिवरखेडकर सरांवर स्मरणिका काढायची ठरवली आणि माझ्याकडे लेख मागायला एका मुलीला पाठवलं, तेव्हा मी तिला सरळ सांगितलं, "बाई, मला वाईट बोलता येणार नाही आणि चांगलं बोलवणार नाही. माझं नाव वगळ." ती म्हणाली, "मॅडम, तुम्ही त्यांच्या हाताखाली इतकी वर्षं काढलीत. दोन ओळी तरी द्या." दोन ओळींत भागेल असा तो माणूस नव्हता. म्हणून हे लिहायला बसले आहे. ते छापणार नाहीत, आणि मी त्यांच्या जागी असते तर मीही छापलं नसतं.

आधी त्यांचं देणं देऊन टाकते. त्यांना शिकवता येत होतं. आमच्या मेडिकल कॉलेजात ते जीवरसायनशास्त्राचे प्रमुख आणि मी त्यांच्या हाताखालची अधिव्याख्याती. पांढरा सफारी, खिशात स्वतःचे खडू, काखेत थर्मास. कॉलेजच्या खडूंचा भुगा होतो अशी त्यांची तक्रार असे. थर्मासमध्ये गरम पाणी असायचं आणि ते घोटभरही कधी कुणाला विचारत नसत. फळ्याकडे न बघता ते वर्तुळ काढत आणि ते खरोखर वर्तुळच निघे. पोरं त्यावरसुद्धा टाळ्या पिटायची.

त्यांचा आवडता विषय मायटोकाँड्रिया. आपल्या पेशींमध्ये हे बारीक कण असतात आणि खाल्लेल्या अन्नातून, घेतलेल्या श्वासातून ते शरीराला लागणारी ऊर्जा तयार करतात. ते बिघडले की माणूस बसल्या जागी खचत जातो, लहान मूल असेल तर मान धरेनासं होतं. दर वर्षी पहिल्याच तासाला सर नव्या मुलांना विचारत, "तुमच्यात बापाचं काय आहे? नाक, कान आणि आडनाव. तुम्ही आत्ता श्वास घेताय ती ऊर्जा आईची. मायटोकाँड्रिया फक्त आईकडून येतात. बापाला तिथं प्रवेश नाही." मग मुली टाळ्या वाजवत, मुलं बाकं वाजवत, आणि सर थर्मासचं झाकण उघडून सगळं शांत होईपर्यंत पाणी पीत उभे राहत. मी हा प्रकार इतक्यांदा पाहिला की टाळ्या कुठल्या शब्दावर पडणार ते मला पाठ झालं होतं.

यात खोटं काही नव्हतं. पण ती अर्धीच गोष्ट होती. उरलेली अर्धी ते महिनाभराने, दुपारच्या तासाला, वर्ग पेंगत असताना शिकवत. मायटोकाँड्रियाची स्वतःची जनुकं मोजकीच असतात आणि ती आईकडून येतात. बाकी सगळा कारभार पेशीच्या केंद्रातल्या जनुकांवर चालतो, आणि ती आईबाप दोघांकडून येतात. म्हणून लहान मुलांमधले यातले कितीतरी आजार आईबाप दोघांकडून मिळून आलेले असतात. या तासाला कुणी टाळ्या वाजवत नसे, त्यामुळे सर तो भराभर उरकत.

इरफान नावाचा एक विद्यार्थी होता, सिटी चौकातल्या एका घड्याळवाल्याचा मुलगा. अबोल आणि कष्टाळू. तोंडी परीक्षेला सरांनी त्याला विचारलं, "मायटोकाँड्रियाचे आजार कुणाकडून येतात?"

"आईकडून, सर."

"सगळे?"

इरफान गोंधळला. "सर, तुम्हीच पहिल्या तासाला सांगितलं होतं."

"पहिल्या तासाचं टाळ्यांसाठी असतं, बेटा. परीक्षेसाठी पुस्तक असतं," सर म्हणाले आणि बाहेरून आलेल्या परीक्षकाकडे बघून हसले. तो परीक्षक भला होता, त्याने आणखी एक प्रश्न विचारून बघू म्हटलं. सरांनी नकारार्थी मान हलवली. इरफान नापास झाला. मी कोपऱ्यात परीक्षानळ्या लावत होते. जाताना त्याने "थँक यू सर" म्हटलं ते मला ऐकू आलं, सरांना आलं नसावं.

मग दुष्काळाची वर्षं आली. जायकवाडी तळाला गेलं, नळाला आठवड्यातून एकदा पाणी, तेही कधी येईल याचा नेम नाही. सर तेव्हा मुलींच्या वसतिगृहाचे प्रमुख होते. एकदा पंधरा-वीस मुली रिकाम्या बादल्या घेऊन त्यांच्या ऑफिसात शिरल्या. सरांनी त्यांना बसवलं, फळा ओढला आणि पेशीतल्या श्वासाची साखळी काढली. "शेवटी काय तयार होतं? पाणी. म्हणजे तुमची एकेक पेशी पाण्याचा कारखाना आहे, आणि तुम्ही माझ्याकडे टँकर मागायला आलात?" मुली हसल्या. मला राग सरांपेक्षा त्या हसण्याचा आला. बीडकडची एक मुलगी तेवढी हसली नाही. ती म्हणाली, "सर, त्या पाण्यानं डोकं धुता येतं का?" त्या सत्रात तिच्या जर्नलवर सरांची सही झाली नाही. गारखेड्यात सरांच्या बंगल्यापुढची हिरवळ मात्र त्याही उन्हाळ्यात हिरवीगार होती. माळी पाइप धरून उभा असे आणि सर वरच्या गॅलरीतून त्याला कोपरे दाखवत असत.

निवृत्त झाल्यावर त्यांनी जालना रोडवर दवाखाना थाटला. शहर तेव्हा चहूबाजूंनी सुटलं होतं. काल जिथे ज्वारी होती तिथे आज प्लॉटचे दगड, आणि परवा तिथेच चार मजले. अशा वाढत्या शहरात थकलेल्या माणसांना तोटा नसतो. सरांनी त्यांना एक शब्द दिला. "तुमच्या पेशींत लोडशेडिंग आहे." रोज आठ-आठ तास वीज जायची त्या काळात हे वाक्य शेंबड्या पोरालाही समजायचं. आत खुर्च्या मांडलेल्या, हातात सुया, आणि वर पिवळ्या द्रवाच्या बाटल्या. बिल्डरांच्या बायका, निवृत्त तहसीलदार, परीक्षेला बसलेली मुलं, सगळे त्या पाण्याखाली डोळे मिटून पडलेले असत. खरं सांगायचं तर मायटोकाँड्रियाच्या खऱ्या रुग्णांना डॉक्टर अशी मिश्र औषधं देतातच. पेशीला टेकू देणारी पाच-सहा द्रव्यं असतात. त्यांचा कुणाला गुण येतो, बहुतेकांना येत नाही, आणि जिथे येतो तिथे नेमका बिघाड कुठला ते शोधून त्यातलं नेमकं एक द्रव्य भरपूर द्यावं लागतं. सरांनी त्यातली पाच एका कॅप्सुलीत कोंबली आणि तिला नाव दिलं पंचामृत. बिल्डरच्या बायकोला तेच आणि अंथरुणाला खिळलेल्याला तेच. तपासण्यांचा त्यांना तिटकारा. "पेशी माझ्याशी बोलते, कागदाशी नाही," असं म्हणत. कुणी शंका काढलीच तर त्यांचं ठरलेलं उत्तर होतं, "नुकसान तर काही नाही ना?"

मी त्या सुमारास देवळाईकडे नव्या इमारतीत राहायला गेले होते. खालच्या मजल्यावर पाचोडचं एक कुटुंब भाड्याने राहायचं. रामेश्वर वाळूजच्या कंपनीत, त्याची बायको संगीता, आई कौसाबाई आणि तीन वर्षांची मुलगी ईश्वरी. संगीता ही कौसाबाईंच्या सख्ख्या भावाची, कन्नडच्या दादारावांची मुलगी. मामाच्या मुलीवर भाच्याचा पहिला हक्क, ही तिकडची रीत. कौसाबाईंनी संगीता पाळण्यात असतानाच तिला मागून ठेवलेलं होतं. त्यामुळे संगीता सासूला आत्याच म्हणायची. फक्त संगीताच्या आईशी, म्हणजे आपल्या भावजयीशी, कौसाबाईंचं जन्माचं वाकडं होतं. त्याचं कारण दोघींनाही आठवत नसावं.

ईश्वरी चालायला लागली होती. एका तापानंतर ती बसली ती बसलीच. पुढच्या तापात मान धरेनाशी झाली, पापण्या जड होऊन खाली आल्या. संगीता तिला छातीशी धरून जिन्यात बसायची, कारण तिथे वारा यायचा. कुणीतरी रामेश्वरला जालना रोडची पाटी दाखवली. तो रजा टाकून सगळ्यांना घेऊन गेला.

परत आल्यावर कौसाबाई मला टँकरपाशी भेटल्या. हंडा कमरेवर तसाच. "लई मोठा डाक्टर हाय वं बाई. फळ्यावर काढून दाखवलं समदं. बापाकडून काय बी येत नाय म्हनला, समदं आईकडून येतंय. पोरीला जे झालं त्ये आईकडून." मग त्या आवाज न चढवता म्हणाल्या, "मला वाटलंच व्हतं. तिच्या आईच्या घरचंच रगत वाईट हाय."

मी त्यांना खूप समजावलं. मी तोच विषय शिकवते हे सांगितलं. त्या ऐकून घेत होत्या, पण मी फळ्यावर काढून दाखवलेलं नव्हतं आणि माझ्याकडे सफारीही नव्हता.

ईश्वरीला पंचामृत सुरू झालं. देवळात हातावर पळीभर ठेवतात, तेवढंच त्यातलं तिच्या कामाचं तिला मिळत होतं. दिवाळी गेली, संक्रांत गेली. मधून थोडी टवटवी आल्यासारखी वाटायची आणि सर रामेश्वरच्या पाठीवर थाप मारायचे. पुन्हा ताप यायचा आणि ती आणखी खाली जायची. संक्रांतीनंतर कौसाबाईंनी संगीताला कन्नडच्या एसटीत बसवून दिलं. ईश्वरीला ठेवून घेतलं. "पोरगी आमची हाय. दोष तिच्या आईचा. तिच्या हातचं खाऊन आनखीन बिघडंल," असं त्यांनी मला तोंडावर सांगितलं. रामेश्वर शेजारी उभा होता आणि मोबाईलकडे बघत होता. त्याच्यासाठी दुसरी मुलगी बघायला लागल्याचंही कानावर आलं.

उन्हाळ्याच्या तोंडाशी ईश्वरीला पुन्हा ताप आला, तेव्हा तिला सरकारी दवाखान्यात नेलं. लहान मुलांच्या वॉर्डात डॉक्टर होता इरफान, तोंडी परीक्षेत नापास झालेला तोच. त्याने काही भाषण केलं नाही. तिचं आणि आईबापाचं रक्त तपासायला पाठवलं. संगीताचं रक्त द्यायला दादाराव तिला कन्नडहून घेऊन आले आणि मुलीला न भेटवताच परत घेऊन गेले. अहवाल आला. ऊर्जेसाठी लागणारं एक द्रव्य ईश्वरीचं शरीर तयारच करू शकत नव्हतं. त्या जनुकाची बिघडलेली एक प्रत बापाकडून आली होती, तशीच दुसरी आईकडून. एकेक बिघडलेली प्रत असलेले आईबाप ठणठणीत होते, दोन्ही एकत्र आल्या त्या या मुलीच्या वाट्याला. इरफानने तेच एक द्रव्य भरपूर प्रमाणात सुरू केलं. काही आठवड्यांनी ईश्वरीच्या पापण्या उचलल्या गेल्या. मग ती उशीला टेकून बसायला लागली. गेलेलं सगळं परत येणार नाही, हे इरफानने आधीच सांगितलं होतं. आधी आली असती तर बरंच वाचलं असतं, एवढंच तो मला म्हणाला.

आजार दोघांकडून आला आहे हे त्याने कौसाबाईंनाही सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, "तुमी अजून ल्हान डाक्टर हाव." इरफान मला म्हणाला, "मैडम, मैं बोला तो नहीं मानते उनो. बात सर के मुँह से निकली है. वापस भी उनकेच मुँह से होना."

म्हणून मी सरांकडे गेले. दुपारची वेळ, बाटल्यांखाली माणसं पहुडलेली. मी सगळं सांगितलं. एका वाक्यासाठी आलेय म्हटलं. तुम्ही त्या बाईला एवढंच सांगा, की आजार दोघांकडून आला आहे, सुनेचा काही दोष नाही.

"मी चुकीचं काय बोललो?" सर म्हणाले. "मायटोकाँड्रिया आईकडूनच येतात. बाईनं त्याचा काय अर्थ काढला याला मी काय करू?"

"सर, याच अर्ध्या वाक्यावर तुम्ही इरफानला नापास केलं होतं."

"कोण इरफान?"

मी सांगितलं. अहवाल त्याने करवला आहे हेही सांगितलं. "हां, तो. माझ्या हातून नापास झालेला मुलगा आता मला शिकवणार," असं म्हणत त्यांनी अहवाल हातात घेतला, तो बाजूला टाकायलाच. पण जनुकाचं नाव वाचलं आणि त्यांचा चेहरा बदलला. चष्मा वर ढकलून त्यांनी ते पुन्हा वाचलं. "हे फार दुर्मीळ आहे गं. हे आपल्याकडं कुणी लिहिलेलं नसेल. पूर्ण घराण्याचा नकाशा मिळाला पाहिजे. घेऊन ये सगळ्यांना." ते उठून येरझाऱ्या घालायला लागले. एवढ्या वर्षांत मी त्यांना इतकं खूश पाहिलं नव्हतं. मला त्यांचा वीट आला, पण मी हो म्हटलं. वाक्य कुठल्या कारणाने का होईना, बाहेर पडणं गरजेचं होतं.

ठरल्या दिवशी संगीता वडिलांबरोबर कन्नडहून आली. दादाराव बहिणीसमोर यायला तयार नव्हते, ते खाली रस्त्यावरच थांबले. कौसाबाईंच्या खांद्यावर ईश्वरी होती. तिने आईला पाहिलं आणि काहीच केलं नाही, नुसती बघत राहिली. संगीताने हात पुढे केले नाहीत. ती भिंतीला टेकून उभी राहिली आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मला तिच्याकडे बघवेना.

सर फळ्यापाशी गेले. चौकोन म्हणजे पुरुष, वर्तुळ म्हणजे बाई. ईश्वरी, तिचे आईबाप, त्यांच्या वर कौसाबाई आणि त्यांचा भाऊ. एकेक रेघ मारत ते विचारत गेले आणि रामेश्वर उत्तरं देत गेला.

"बाई, हा भाऊ तुमचा सख्खा?"

"व्हय. पाठचा."

"एकाच आईबापाचे?"

"व्हय की."

सरांनी सगळ्यात वर एक चौकोन, एक वर्तुळ काढलं आणि तिथून दोन्ही बाजूंनी खाली रेघा ओढल्या, एक भावाकडून संगीतापर्यंत, दुसरी कौसाबाईंकडून रामेश्वरपर्यंत. दोन्ही रेघा ईश्वरीत येऊन मिळाल्या. ते मागे सरले आणि आपलं काम बघून समाधानाने म्हणाले, "मग झालं. म्हणजे बाई, माल तुमच्याच दुकानातला. तुमच्या आईकडून म्हणा, बापाकडून म्हणा, तुम्ही उचलला आणि मुलाला दिलात, भावानं उचलला आणि मुलीला दिला. सुनेच्या आईचा यात काही संबंधच नाही. दोष काढायचाच तर तुमच्या बापाच्या घराचा काढा."

वाक्य बाहेर पडलं होतं. मी ज्याच्यासाठी आले होते ते हेच होतं.

कौसाबाई फळ्याकडे बघत राहिल्या. त्यांना अक्षर येत नव्हतं, पण त्या रेघा कुठून कुठे येतात ते दिसत होतं. त्या खुर्चीवर बसल्या. ईश्वरी मांडीवर सरकली तरी त्यांच्या ध्यानात आलं नाही, रामेश्वरने तिला सावरलं. "माझ्या बापानं कुनाचं वाईट केलं नाय," त्या हळू म्हणाल्या. "दुस्काळात घरातलं बियानं गावाला वाटलं त्येनं. त्येच्यात दोष?" सरांना या प्रश्नाशी कर्तव्य नव्हतं. ते खडूची धूळ झटकत होते.

त्यावर बोलली ती संगीता. मला वाटलं ती सासूला बोलेल. तिला तेवढा हक्क होता, आणि खरं सांगायचं तर ती बोलावी असं मला वाटत होतं. ती भिंतीपासून पुढे आली आणि सरांना म्हणाली, "डाक्टरसाहेब, माझ्या आत्याला असं बोलू नगा."

सरांनी वळून पाहिलं.

"त्यांचा बाप म्हंजी माझा आजा हाय. त्येनं मला खांद्यावर बसवून बाजार दाखवला. तुमी आंदी माझ्या आईचं नाव घेतलं, आता आज्याचं घेता. आमच्यात दोष कुनाचा त्ये आमाला नाय पायजे. पोरीला अवशद किती द्यायचं त्ये दुसऱ्या डाक्टरनं सांगितलंय." मग ती कौसाबाईंसमोर वाकली. "उठा आत्या. घरी चला."

कौसाबाईंनी तिच्याकडे पाहिलं नाही. रामेश्वरच्या हातातून ईश्वरी घेतली आणि तशीच संगीताच्या कमरेवर दिली. मग सुनेच्या दंडाला धरून उठल्या. ईश्वरीने आईच्या गळ्याशी नाक घातलं. तिघी जिन्याकडे निघाल्या आणि रामेश्वर मागून चपला हातात घेऊन धावला.

"अहो थांबा, नकाशा अपुरा आहे," सर मागून म्हणाले. "रामेश्वरच्या बहिणी किती? त्यांची मुलं? ती नावं हवीत मला." बाटल्यांखालच्या माणसांनी डोळे उघडून पाहिलं आणि पुन्हा मिटले. सर माझ्याकडे वळले. "तू सांग. तुला माहीत असेल, तू शेजारीच राहतेस ना?"

मला माहीत होती. रामेश्वरला दोन बहिणी, दोघींची नावं, दोघींची मुलं, सगळं माहीत होतं. त्या मुलांची तपासणी व्हावी म्हणून ते मी इरफानला त्याच आठवड्यात सांगितलं. सरांना म्हटलं, "नाही सर, मला नाही माहीत," आणि पर्स उचलली. दारातून पाहिलं तेव्हा ते फळ्यापुढे उभे होते, आणि रामेश्वरच्या नावाशेजारी रिकामी वर्तुळं काढून कुणीतरी नावं सांगेल म्हणून वाट बघत होते.